कुरवाच्या पाठीवरचे खोबरेल

सकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटे. छगन भोई तापीच्या घाटावर गुडघाभर पाण्यात उभा राहून बांबूच्या आकड्याने एक भिजलेले लुगडे ओढत होता. लुगड्यामागोमाग प्लॅस्टिकची पिशवी, फुटके मडके आणि कालच्या पिंडांचा आंबलेला भात वर आला. लोक इथे दहाव्याचे विधी करून जातात. मागे राहिलेले उपसायचे काम छगन बारा वर्षे करतो. त्याआधी तो याच पाण्यात मासे धरायचा. वय चोपन्न.

तिसऱ्या पायरीवर एक मोठा कुरव बसला होता. कुरव हा समुद्रावरचा पक्षी. हिवाळ्यात त्यांचे काही थवे गुजरातच्या किनाऱ्यावरून नदी धरून आत येतात. या कुरवाच्या पाठीवर पट्ट्यांनी बांधलेले काडेपेटीएवढे यंत्र होते. त्याची पिसे एकमेकांना चिकटली होती, त्यांत धूळ बसली होती आणि मुंग्या फिरत होत्या. पाण्यात उतरला की तो भिजून बुडायला लागायचा, म्हणून पायरीवर बसून होता. तीन दिवसांत उडाला नव्हता. असाच राहिला तर मरणार, हे छगनला कळत होते. त्याची ही दशा कशाने झाली, तेही ठाऊक होते.

नऊ दिवसांपूर्वी रनाळ्याच्या सरलाबाई पाटील यांचा दहावा होता. मुलगा हेमकांत, सून कामिनी, बहीण जसोदाबाई आणि साठेक माणसे आली होती. पिंड मांडून झाले, पण कावळा शिवेना. अशा वेळी मृताची राहिलेली इच्छा पुरी करण्याचे वचन द्यायचे, अशी रीत आहे. हेमकांतने घराचे वचन दिले, शेताचे दिले, नातवाच्या लग्नाचे दिले. दीड तास गेला. शेवटी जसोदाबाई सगळ्यांसमोर बोलल्या.

"वरीसभर खाटवर पडेल व्हती. डोकाले तेल लाव, तेल लाव, करी ऱ्हायंती. कोनी लावं का?"

कामिनीने खाली बघत हात जोडले. "लावू. रोज लावू."

तेवढ्यात हा कुरव उतरला आणि अख्खा पिंड उचलून पाण्यावर जाऊन बसला. कावळा नव्हता, तरी कुणी हरकत घेतली नाही. पाठीवरचे यंत्र पाहून तर हा साधा पक्षी नाही, याबद्दल कुणाला शंकाच उरली नाही. कुणीतरी म्हणाले, "आईच उनी." आई आली म्हणून सगळ्यांनी हात जोडले.

वचन लगेच फेडायचे ठरले. हेमकांतने छगनला बाजूला घेतले. "छगनभाऊ, पाच मिनिटं धरून द्या. आईचं काम आहे." छगनने जुने जाळे आणले, भाताचे आमिष टाकले आणि सात मिनिटांत पक्षी धरला. त्याने दोन्ही पंख पकडून ठेवले. त्या घरातल्या लोकांनी, जिवंत बाईच्या डोक्याला वर्षभर बोट न लावलेल्या लोकांनी, रांग लावून पक्ष्याला चोचीपासून शेपटीपर्यंत खोबरेल चोळले. बाटली संपल्यावर दुसरी आणली. यंत्राला हळदकुंकू लावले, त्याच्या तारेला लाल दोरा बांधला, चोचीत पेढा कोंबला. फोटो निघाले. छगनला टॉवेल-टोपी दिली.

पाणपक्ष्याच्या पिसांना तेल लागले की पाणी आत शिरते, हे चाळीस वर्षे नदीवर काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. छगन तेव्हा काही बोलला नाही.

आज सव्वानऊला रविना वळवी घाटावर आली. ही मूळची खांडबाऱ्याची, समुद्रपक्ष्यांना यंत्रे बांधून त्यांच्या वाटा शोधणाऱ्या एका प्रकल्पात काम करते. हे यंत्र उन्हावर चालते आणि पक्षी कुठे आहे ते दर तासाला मोबाईलच्या नेटवर्कवरून कळवते. या कुरवाने दोन वर्षांत दोनदा सायबेरियाचा किनारा गाठला होता. नऊ दिवसांपूर्वी यंत्र गप्प झाले. शेवटची नोंद या घाटाची होती.

छगनने पायरीकडे बोट केले. या वेळी जाळे लागले नाही. रविनाने टॉवेल टाकून पक्षी उचलला. बोट यंत्रावरून फिरवले आणि नाकाशी नेले.

"काका, हे खोबरेल आहे. कुणी लावलं?"

"लोकेस्नी."

"लोकांच्या हाती हा येत नाही. आम्हाला याला धरायची परवानगी काढायला सात महिने लागले. धरला कुणी?"

छगनने हातातला आकडा पायरीवर ठेवला.

"मी धरं, मॅडम. पंख धरी उभा व्हतू. तेल लावाले नको व्हतं, ते माले समजे. तरी लावू दिधं."

"तेल लावणाऱ्यांना कळलं नसेल. तुम्हाला तर कळत होतं."

"हाव."

पक्षी छगनच्या अंगणात नेला. त्याची बायको कमलबाई हिने भांड्याचा साबण आणि कोमट पाणी आणले. पक्ष्याला तीनदा धुतले. तिन्ही वेळा पाणी पिवळे निघाले आणि त्याला हळदीचा व खवट तेलाचा वास येत होता. कमलबाईने परात नालीत ओतली.

"आते टोपी घालीसन बसा अंगनमा," ती नवऱ्याला म्हणाली. "मोठा मानकरी शेतस तुम्ही."

केळीच्या खोक्यात चिंध्या घालून पक्षी ठेवला होता. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी त्याचे थरथरणे थांबले. रविनाने यंत्र सोडवून पुसले, मेलेला पक्षी तपासणीसाठी बर्फाच्या डब्यात ठेवला आणि छगनचे म्हणणे वहीत लिहून घेतले. त्याने सगळे सांगितले. पाटलांचे नाव सांगितले, आपलेही सांगितले. खाली सही केली.

ती निघण्याआधीच छगनचा फोन वाजला. शेजारच्या गावचा लोटन बोलत होता. उद्या त्याच्या वडिलांचा दहावा होता आणि घाटावरचे फोटो त्याच्यापर्यंत पोहोचले होते.

"छगनभाऊ, ते मशीनवालं पाखरू ऱ्हाई ना?"

"मरनं."

"अरे देवा. मंग दुसरं धरी ठेवा. मशीन नही ऱ्हायनं तरी चाली."

"कावळानी वाट देखा," छगन म्हणाला. "नहीते बापले जे दिधं नही, ते घरमा बसीसन आठवा. मी जाळं टाकत नही."

"मंग आम्ही दुसरा मानूस देखसूत," लोटन म्हणाला आणि फोन ठेवला.

छगनने ते रविनाला सांगितले. तिने दुर्बीण काढून पात्रातले कुरव मोजले. एकतीस होते, आणि ते मार्चअखेरपर्यंत इथे थांबतात. लोटनच्या घरचा विधी उद्या सकाळी सात वाजता आहे. छगनचे काम पावणेसहाला सुरू होते, म्हणजे कुणी जाळे टाकायला आले तर तो आधीच घाटावर असेल.