बनुबाईंचं गिऱ्हाईक

बनुबाई कासारणीनं उभी हयात बुधगाव, कवलापूर, बिसूर अशी फेरी करत बायकांच्या हातांत काकणं भरली. सत्तरी ओलांडली आणि डोक्यातलं एकेक निसटायला लागलं. आधी गॅसवरचं दूध, मग नातवंडांची नावं, मग सूनच. चालणं तेवढं विसरल्या नाहीत. उजाडलं की पदर खोचून दाराशी उभ्या.

"सोड मला. बाया वाट बगत असतील."

माधवनगरच्या दोन खोल्यांत त्यांची सून संयोगिता दिवसभर त्यांच्या मागं पळायची. भाकरी तव्यावर टाकावी तर कडी वाजायची. कुलूप घालावं तर म्हातारी दार बडवायची आणि आळी गोळा व्हायची. एकदा तर त्या पार रेल्वे फाटकापाशी सापडल्या. तेव्हापासून संयोगिताला अंघोळीलाही धड वेळ मिळेना.

सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाताला काही काम द्या. हात गुंतले की जीव जरा ठिकाणावर येतो." संयोगितानं मणी ओवायला दिले, ते मोरीत गेले. रंगवायला चित्रं दिली, तर बनुबाईंनी ती परत केली. "तुझ्या पोराची दिसत्यात. मला फेरी हाय."

एका दुपारी दार अडवायला संयोगितानं हात आडवा धरला. बनुबाईंनी तो गच्च पकडला. आता चावतात की काय, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. पण म्हातारी तिची बोटं दाबू लागली, अंगठा आत वळवू लागली.

"ढिला सोड हात. काकणं भरताना असं ताठायचं न्हाई."

संयोगितानं धावत जाऊन प्लॅस्टिकच्या बांगड्या आणल्या. बनुबाईंनी दोन एकमेकींवर आपटल्या, वाजल्या नाहीत तशा भिरकावून दिल्या. मग काचेच्याच आणाव्या लागल्या. रोज जेवणं झाली की सासू भरायची, सून काढून पुन्हा पुढ्यात ठेवायची. काच कुठं सांडली तर पायात जाईल, या धास्तीनं तिचे डोळे सारखे फरशीवर. तरी तेवढा वेळ दार शांत असायचं.

भरता भरता बनुबाई गिऱ्हाइकाशी बोलायच्या.

"कुठली गं तू?"

"शिराळ्याची."

"दिलीया कुठं?"

"हितंच. माधवनगरात."

"सासू कशी हाय?"

संयोगिता रोज म्हणायची, "बरी हाय." पण त्या दिवशी सकाळीच चहाचा कप तिच्या अंगावर आला होता. पोटरी अजून चुरचुरत होती.

"जीव नकोसा केलाय तिनं," ती बोलून गेली. "मिनिटभर बसू देत न्हाई."

बनुबाईंचा हात थांबला. संयोगिताचे कान तापले.

"म्हायेरला कवा गेलीवतीस?"

"लय दिस झालं."

"मग जा की पंचमीला! नवरा हाय न्हवं घरात? बगंल की आपल्या आईला."

संध्याकाळी तिचा नवरा शंभूराज यंत्रमागावरच्या कामाहून आला, तशी ती म्हणाली, "आईंनीच जा म्हटलंय." तो म्हणाला, "जा. मी सुट्टी टाकतो."

शिराळ्यात बहिणी झोका घेत होत्या, पुरणाची दिंडं उकडली जात होती, पण तिचं बूड टेकेना. सारखा फोन. "हाय गं बरी," शंभूराज म्हणायचा आणि मागं दार धडधडताना ऐकू यायचं. शेवटी एक दिवस आधीच तिनं एसटी धरली.

घरी उंबऱ्यात नवरा बसलेला. मनगट सुजलेलं, ओरबाडलेलं आणि त्यावर चार हिरव्या बांगड्या रुतलेल्या.

"ह्या निघंनात," तो म्हणाला. "सोडंचना मला. रात न्हाई, दिस न्हाई. तू कशी गं करतीस रोज?"

बनुबाई आतून ओरडल्या, "हाड जाड हाय गड्याचं, पर भरली का न्हाई?"

संयोगिताला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. साबण लावून तिनं त्या एकेक काढल्या.

तेव्हापासून शंभूराजच्या सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाईक तोच असतो. संयोगिता शेजारणीकडं जाऊन बसते. पहिल्यांदा तिनं चहा अर्धाच टाकून धाव घेतली होती. हल्ली पुरा पिते, कान मात्र आपल्या दाराकडंच असतात.