कासवाने दिलेला कौल

आमचं कमबख्त कासव तीन दिवस बागेत सापडत नव्हतं. जामबागेहून आलेल्या आत्यांना ते तुळशीपाशी दिसलं, मान आत घेऊन बसलेलं. त्यांना वाटलं, देवळात असतं तसं दगडी कासव मी बसवलंय. मी पोचले तर त्याच्या पाठीवर हळदकुंकू, तोंडापुढे जास्वंद, आणि आत्या डोळे मिटून विचारतायत, "लेकाने तेलुगू मुलगी करावी का? हो असेल तर फूल हलव."

कासवाने मान काढली, फूल गट्टम केलं आणि मान पुन्हा आत घेतली. आत्यांनी डोळे उघडले.

"देवाने फूल ठेवून घेतलं," मी म्हटलं.

आत्यांची तेलुगू सून अजूनही आमच्याकडे येताना जास्वंदी आणते. कोणासाठी, ते सासूला सांगत नाही.