बावखलातला चपचप आवाज

गेल्या आठवड्यात माझ्या हातून अप्पांचे सगळे मासे मेले असते...

अप्पा म्हणजे माझे सासरे. वसईकडे नंदाखालच्या वाडीत आमचं बावखल आहे, केळी-नारळीला पाणी द्यायला खणलेलं जुनं तळं. त्यात त्यांनी चौदा कटला मासे वाढवलेत, एकेक तान्ह्या बाळापेक्षा जड. विकायचं नाव काढलं की दिवसभर अबोला!

अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धूळ नको म्हणून ते गोखिवऱ्याच्या फ्लॅटवर माझ्या नवऱ्याजवळ, आणि मी लॅपटॉप घेऊन वाडीत. निघताना त्यांनी एकच बजावलं होतं... आभाळ आलं की माशांना पेंड टाकायची नाही.

पुढे दोन दिवस आभाळच होतं. मासे वर येईनात, मला वाटलं रुसले. म्हणून दोन्ही दिवस दुप्पट पेंड टाकली... अतिशहाणपणा, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी सकाळी जाते तर सगळेच्या सगळे वर, माझ्याकडे तोंडं उघडून! मला कोण आनंद! लगेच अप्पांना फोन. "अप्पा, ओळखायला लागले हो मला!"

"थांब. तो चपचप आवाज कसला?"

"तेच ते... भूक लागलीय त्यांना."

"भूक कसली गं, जीव गुदमरतोय त्यांचा! पाण्यातली हवा संपलीय. पंप लाव, पाइप उंच धरून पाणी परत आत सोड!"

पंपाकडे धावले, तर लाइट गेलेली. वसईकरांना वेगळं सांगायला नको! मी तिथेच रडायला लागले.

कुंपणापलीकडच्या मारियामावशी दोन बादल्या घेऊन आल्या. "रडतेस काय? उचल पाणी!" फोन स्पीकरवर टाकून पायरीवर ठेवला आणि आम्ही दोघी सुटलो. बादली भरायची, डोक्याच्या वर न्यायची, धाडकन ओतायची...

एक मासा आडवा झाला. मग दुसरा. "अप्पा, मी पेंड टाकली होती... दोन्ही दिवस," मी ओरडूनच सांगितलं.

"कळलं मला. ती पेंड कुजूनच हवा संपली. हात चालव. अजून उंचावरून ओत."

हाताचे तुकडे पडायची वेळ आली तेव्हा कुठे लाइट आली. पंप सुरू झाला, पाणी फेसाळलं. हळूहळू एकेक तोंड खाली गेलं.

"किती गेले?" अप्पांनी विचारलं.

"दोन... मी मारले, अप्पा."

अप्पा म्हणाले, "आणि बारा कोणी वाचवले? जा, आधी चहा घे. मावशींनाही दे."

मी पायरीवर बसून भोकाड पसरलं... मावशी पाठीवरून हात फिरवत होत्या.

अप्पा कालच वाडीत परतले. आज सकाळी आम्ही दोघं काठावर बसलो होतो. एकही मासा हवेसाठी वर आला नाही... इतका गोड चहा मी कित्येक दिवसांत प्यायले नव्हते.