डब्यातला कान

सुकापूरहून स्टेशनला जाणाऱ्या आमच्या सहाआसनी रिक्षात ती संशोधक मुलगी रोज असायची. खड्डा आला की मांडीवरचा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी अलगद उचलून धरायची.

“खीर हाय काय गो?” समोरच्या कोळीण मावशींनी एकदा विचारलं.

“चिप आहे, मावशी. हिच्यावर जिवंत पेशी ठेवायच्या. त्यांनी रसायन सोडलं की हिच्या तारांत किंचित वीज येते. पेशींचं बोलणं ऐकणारा कानच म्हणा!”

तेव्हापासून मावशी रोज विचारायच्या, “बोलल्या काय गो?” ती नकारार्थी मान हलवायची.

एके सकाळी ती हसतच चढली. “मावशी, बोलल्या!” हात नाचवत सांगत सुटली आणि नेमका खड्डा आला. मावशींनी स्वतःची टोपली सोडून डबा धरला.

सगळी कोळंबी माझ्या पायांवर. तशातच मी विचारलं, “काय म्हणाल्या?”