आत्याचा विलायती चाकू

माझ्या आत्याचा देवावर नव्हता इतका विश्वास धारेवर होता. माणूस कसा आहे ते त्याच्या बोलण्यावरून कळत नाही, कपड्यांवरून तर नाहीच नाही, ते त्याच्या घरच्या पावशीवरून कळतं, असं तिचं मत होतं आणि हे मत बदलायची छाती अख्ख्या वऱ्हाडात कुणाची झाली नाही. पावशी म्हणजे पुण्याकडची माणसं जिला विळी म्हणतात ती. कुणाच्याही घरी गेली की आत्या पायांवर पाणी घ्यायची आणि बसायच्या-बोलायच्या भानगडीत न पडता थेट चुलीपाशी जायची, पावशीच्या पात्यावर आडवा अंगठा फिरवायची आणि मग त्या घराबद्दल काय बोलायचं ते ठरवायची. पातं बोथट निघालं तर त्या घरचं पाणीसुद्धा तिला गोड लागत नसे. एकदा पाटलाकडे बारशाला गेली आणि पाळण्यात डोकवायच्या आधी पावशी पाहून आली. पाटलीणबाईंनी कौतुकानं विचारलं, “पाह्यलं का वं बाळ?” तर ही म्हणते, “पाह्यतो ना. बाळ कुठी पळून जाते? पहिले पावशीले धार लावा.” आमच्या आईला तोंड लपवायला जागा उरली नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तरुणपणीच तिला नवऱ्यानं टाकली होती. एक गाठोडं घेऊन ती माहेरी आली ती कायमची. का टाकली म्हणून विचारलं तर दर वेळी नवीन कारण सांगायची. कधी म्हणायची, “थो लय घोरे.” कधी म्हणायची, “माही सासू अन् मी एका आवाजात बोलो, कोण कोणाले रागावते थे समजेच नाही.” खरं कारण मला कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मीही केलं नाही. अमरावतीपासून बैलगाडीच्या थोड्या वाटेवर आमचा भाजीचा मळा होता, विहीर होती, आणि त्या मळ्याची खरी मालकीण आत्याच होती. कमरेला विळा खोचून ती पहाटे वांग्यांत शिरायची आणि उन्हं वर येईपर्यंत तिथंच असायची. किडलेल्या वांग्याला ती नावं ठेवायची, चांगल्या वांग्याला काहीच म्हणायची नाही. माणसांशीही तिचं तेच धोरण होतं.

ती वर्षं कापसाची होती. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती म्हणे, त्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इकडे ज्याच्याकडे काळी जमीन तो राजा झाला. लोकांनी बैलांच्या गळ्यात चांदीच्या घुंगरमाळा बांधल्या. ज्यांनी जन्मात पायात जोडा घातला नव्हता ते छत्री लावून बांधावर उभे राहू लागले. बाबांनाही वारं लागलं. त्यांनी निम्मी वांगी उपटून कापूस पेरला आणि नांगर भेंडीकडे वळवला, तेव्हा आत्या सरीत मांडी घालून बसली. “कापूस शिजवून खाशीन काय रे?” एवढंच म्हणाली. बाबांनी बैल थांबवले, थोडा वेळ डोकं खाजवलं आणि नांगर परत नेला. त्या साली सगळ्या पंचक्रोशीत भेंडी आमच्याचकडे होती.

माझं लग्न मी अगदी लहान असताना बाळापूरकडच्या एका घरात झालं होतं. घर पाहायला गेली तेव्हा आत्यानं अर्थातच पावशी पाहिली होती. परत येताना गाडीतच बाबांना म्हणाली, “पावशी बोथट हाये. घर काही खरं नाही.” बाबा वैतागले. “बाई, त्याहीच्या बैलाच्या गळ्यात चांदी हाये, तू पावशी काय पाह्यत बसतं?” “मंग चांदीनं भाजी चिरा म्हणा,” आत्या म्हणाली. लग्न झालं ते झालंच. पण मी आठ-नऊ वर्षांची झाले आणि सासरी राहायला जायचे दिवस जवळ आले, तसा आत्याच्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. पोरीला स्वतःचा चाकू पाहिजे! आई घाबरली. एवढ्याशा पोरीच्या हातात चाकू, अन् तोही सासरी जाताना! आत्या म्हणाली, “तठी चूल सासूची, पावशी सासूची, शिंकं बी सासूचंच. तिचं म्हणून एक तरी पाह्यजे का नाही?” यावर आई भाकर थापत राहिली.

मग सुरू झाला चाकूचा शोध, आणि अमरावतीच्या एका बोहऱ्याची साडेसाती. त्याच्या दुकानात आरसे, कंदील, कातऱ्या असा विलायती माल येत असे. बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाली की आत्या मला घेऊन त्याच्या पायरीवर जाऊन बसायची. बसताना शेजारी उरलेल्या भाजीची टोपली. बोहऱ्याला आधी वाटलं बाई भाजी विकायला आली आहे. त्यानं पहिला चाकू काढला तो शिंगाच्या मुठीचा, देखणा. आत्यानं तो माझ्या हातात दिला नाही, पायरीवर ठेवला आणि म्हणाली, “उघड.” मी नख लावलं, ओढलं, नख मोडलं, पातं जागचं हललं नाही. “याले उघडासाठी पोरीले पहिले तालमीत धाडा लागन,” म्हणून तो नापास. दुसऱ्याला शिंपल्याची चकचकीत मूठ होती आणि मला तो फार आवडला. आत्यानं टोपलीतल्या दोन भेंड्या मोडल्या, माझ्या तळहातांना त्यांचा चिकट रस चोळला आणि म्हणाली, “आता धर.” चाकू सुळकन निसटून बोहऱ्याच्या मांडीवर. बिचारा केवढ्यानं दचकला! तिसरा चाकू सहज उघडला, हातात नीट बसला, मला वाटलं सुटलो एकदाचे. पण आत्यानं उघड्या पात्याच्या सांध्यात एक गवारीची शेंग धरली आणि पात्याला मागून टिचकी मारली. पातं खटकन मिटलं, शेंगेचे दोन तुकडे. एक तुकडा उचलून तिनं बोहऱ्यासमोर धरला. “हे पोरीचं बोट होतं.” त्यानं तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो चाकू मुकाट्यानं आत ठेवला. पुढच्या बाजारी त्यानं आम्हाला लांबून पाहिलं आणि दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली. आत्या उरलेल्या अर्ध्यातून आत गेली.

शेवटी एके दिवशी त्यानं ठेवणीतला काढला. माझ्या मुठीत मावेल एवढा, काळ्या लाकडी मुठीचा, आणि पोटात काय काय भरलेलं! एक मोठं पातं, एक बारकं, चामडं भोकायचा टोच्या, घोड्याच्या खुरातला खडा काढायचा आकडा, आणि सगळ्यात शेवटी एक पिळदार सळई, सुताराच्या गिरमिटासारखी. नखाला उघडला, भेंडीच्या रसात टिकला, शेंग वाचली. आत्याला खोट सापडेना, त्यामुळे ती फार अस्वस्थ झाली. “अन् हे काय हाये?” तिनं पिळदार सळईकडे बोट दाखवलं. “साहेब लोग दवा की बाटली का बूच निकालते है, बाई,” बोहरी हसू दाबून म्हणाला. “काढून पाह्यल्याबिगर मी घेत नसतो,” आत्या म्हणाली. बूच लावलेली बाटली ना त्याच्याकडे होती ना आमच्या गावात. तेव्हा चाकू घरी न्यावा, पारखावा, नाही पटला तर परत आणावा, असं ठरलं. बोहरी एवढा दमला होता की आम्ही फुकट नेतो म्हटलं असतं तरी त्याला चाललं असतं.

त्याच दिवशी माझे सासरे आमच्याकडे उतरले होते. कापसाच्या गाड्या घेऊन ते अमरावतीच्या बाजाराला निघाले होते, आणि मला न्यायचा दिवस ठरवूनच पुढं जाणार होते. गाड्या आमच्या अंगणात सुटलेल्या, मोठ्या पोत्यांसारखे बोरे ठासून भरलेले. सासरे बाजेवर बसून आपल्या कापसाचं कौतुक सांगत होते, बाबा मान डोलवत होते. आत्या मात्र अंगणभर ती सळई घेऊन फिरत होती. बुचासारखं ठासलेलं काहीतरी तिला पाहिजे होतं. मला शपथेवर सांगता येईल, तिच्या मनात चाकूशिवाय दुसरं काहीही नव्हतं. तिनं जवळच्या बोऱ्यात सळई घातली, पिळत पिळत मुठीपर्यंत नेली आणि हिसका देऊन ओढली. सळईबरोबर आतला पुंजका बाहेर आला. पिवळट, ओला, सरकीच्या चुऱ्यानं भरलेला. वरून दुधासारखा कापूस आणि पोटात हे! त्या वर्षी बरेच लोक असंच करत होते, पण उघडं पडायचं ते बाजारात, सोयऱ्याच्या अंगणात नव्हे.

सासऱ्यांचा चेहरा काळवंडला. ते पागोटं नीट करत आपल्या व्याह्यांना म्हणाले, “इवाईबुवा, पोरीले न्याचं आपण पुढच्या साली पाहू.” पुढच्या साली म्हणजे काय, ते अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं. मलासुद्धा कळलं. आईनं दाराची चौकट धरली. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. टाकलेली बाई कशी जगते हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग ती पुंजका मुठीत दाबून खो-खो हसली, आणि मी तिला तसं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. “काय बापा मी बी! हात ओले होते ना माहे. भेंड्या धुत होती. अन् सकाळी हळद कुटली, थ्या हळदीचा रंग हाये हा. इवाईबुवाचा चांगला कापूस नासवला मी.” तिचे हात कोरडे ठणठणीत होते आणि हळद आमच्या घरात कुटून महिना झाला होता. सासऱ्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. तिनं ते पदराखाली घेतले. सासरे मनानं वाईट नव्हते. ते जमिनीकडे पाहत म्हणाले, “असन, इहीणबाई. हळदच असन.” मग बाजार उरकून परत येताना मला न्यायचं, असं ठरलं.

नवऱ्याची ती कारणं सोडली तर आत्या आयुष्यात एवढंच खोटं बोलली. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही, वांग्यांना मात्र भरपूर बोलली. मी तिच्या मागं मागं फिरत होते, तेव्हा एकदम म्हणाली, “खोटं बोलाले लय जोर लागते वं. लोक रोज कसे बोलत असतीन?”

निघायच्या दिवशी गाडी जुंपली. मला नवं लुगडं नेसवलं होतं, ते सारखं पायात येत होतं. आत्या आली, तिनं चाकू मिटला आणि माझी मूठ उघडून तो थेट माझ्या हातात ठेवला. आई ओरडलीच, “वन्स, हातात नका देऊ! खाली ठेवा, तिले उचलू द्या. हाती चाकू दिला तर भांडण होते!”

“होऊ दे,” आत्या म्हणाली. “भांडाले तरी येजो वं माय.”

आणि मला काही कळायच्या आत ती वळून भेंडीत निघून गेली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बाहेर आली नाही.

मी गेले, यायची तशी माहेरी येतही राहिले. दर वेळी आत्या आधी माझी कंबर चाचपायची, चाकू काढायची, पात्यावर अंगठा फिरवायची आणि मग जे भांडण सुरू व्हायचं! “हे धार हाये? हे? याच्यापेक्षा माहा अंगठा बरा! तुले शिकवलं काय अन् तू करून काय राह्यली?” बडबडत ती दगड घेऊन बसायची, पाणी मारून पातं घासत राहायची, आणि मी तिच्याशेजारी बसून उलट उत्तरं द्यायची. आईला वाटायचं या दोघींचं कधी जमायचंच नाही. धार लावायला मला उत्तम येत होतं, तिनंच शिकवलं होतं. पण माहेरी निघायच्या आदल्या दिवशी मी तो चाकू सासरच्या विहिरीच्या दगडी काठावर चांगला घासून बोथट करून घ्यायची.

आता तो कायम धारदार असतो. बोथट करून कुणाकडे न्यायचा?