कापामावशीचा हिवाळाभरचा बाजार

कुल्म्याला माझी दुकानगाडी दर गुरुवारी जाते. पाव, साखर, चहा, खारवलेला मासा, काडेपेट्या, आणि लुक्यानकाकांच्या रेडिओसाठी बॅटऱ्या. त्या गावात एकेकाळी शाळा होती, दवाखाना होता, नदीकाठी गुरांचा मोठा गोठा होता. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा धूर निघायचा तो समोरासमोरच्या दोनच घरांतून. एक लुक्यानकाकांचं, आणि दुसरं कपितोलिना झोसिमोव्हनाचं, जिला मी लहानपणापासून कापामावशी म्हणतो.

मावशी त्या गोठ्यावर मुकादम होती. गाई आणि गाई पिळणाऱ्या बायका, दोघींनाही तिचा धाक. पुढे गोठा मोडला, गाई गेल्या, बायका कोणी मुलांकडे शहरात गेल्या तर कोणी टेकडीवरच्या क्रुसांखाली. मुकादमकी मात्र गेली नाही. पूर्वी सगळ्या गावात वाटले जायचे ते हुकूम आता एकट्या लुक्यानकाकांच्या अंगावर पडायचे.

काका जन्मभर नदीतून ओंडके सोडायच्या कामावर होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं. कोणत्या कानानं, ते मावशी कोणत्या बाजूला उभी आहे यावर ठरतं.

गाडीपाशीसुद्धा यांचं सुरूच असायचं.

"लुक्यान, तुझ्या दारातला बर्फ माझ्या दारात का लोटतोस?"

"मी नाही लोटत. तो स्वतःच जातो. त्यालाही वाटतं, बाईमाणूस एकटी आहे, जरा सोबत करावी."

"तुला काढायला आळस, म्हणून सांग ना!"

"काय म्हणालीस? या बाजूनं बोल."

असं चाललेलं असताना एका शरद ऋतूत बटाटे काढताना मावशी घसरली आणि मनगट दुखावून बसली. तिचा मुलगा रोदिओन अर्खांगेल्स्कहून गाडी घेऊन आला आणि हट्टालाच पेटला. हिवाळा शहरातच काढायचा, आता ऐकणार नाही म्हणाला. मावशीनं कोंबड्या काकांच्या हवाली केल्या, कोंबड्यांना काय घालायचं ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि गाडीत बसली.

"जा, जा," काका म्हणाले. "निदान हिवाळाभर माझ्या कानांना सुट्टी."

पुढच्या गुरुवारी गेलो तर काका खुशीत. "अर्सेनी, शांतता काय चीज असते, ते या वयात कळलं बघ!" त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांनी शांततेचा विषय काढला नाही. त्यानंतर गेलो तेव्हा दाढी वाढलेली, आणि कोंबड्यांशी बोलताना मी त्यांना ऐकलं. नुसतं बोलणं नव्हे, वाद घालत होते.

अशातच आमच्या ऑफिसनं मला विचारलं, कुल्म्यात आता एकच म्हातारा उरलाय ना? मग एका गिऱ्हाइकासाठी एवढ्या लांब डिझेल कशाला जाळायचं? दोन तरी गिऱ्हाइकं असतील तर जा, नाहीतर बंद कर. मी हे जड मनानं काकांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"दोन गिऱ्हाइकं आहेत की."

"काका, मावशी गेली ना."

"गेली म्हणजे काय मेली? तिचं घर इथे, कोंबड्या इथे. तिचा बाजार मी घेतो. ती काय काय घ्यायची?"

"तुम्हाला माहीत नाही? इतकी वर्षं शेजारी उभे राहून घेताय."

काका लाजले असावेत, पण दाढीत काही कळलं नाही. मग त्यांनी आठवून आठवून सांगायला सुरुवात केली. चहा. मासा, डोक्यासकट. मधाची बिस्किटं, मऊ असतील तरच. मोजे विणायला करडी लोकर. जवळजवळ सगळं बरोबर होतं.

त्या दिवसापासून दर गुरुवारी दोन पिशव्या. आधी स्वतःची भरायचे, मग बाजूला सरकून मावशीच्या जागेवर उभे राहायचे आणि तिची भरायचे. गंमत म्हणजे तिच्या जागेवर उभे राहिले की मला रागवायलाही लागायचे. "पाव कालचा आहे का रे? दाबून बघू दे! आणि ही बिस्किटं की विटा?" एकदा तर जरा घुटमळले आणि हळूच म्हणाले, "ते हाताला लावायचं क्रीम... ती घ्यायची ना मधूनमधून?" मी क्रीम दिलं. त्यांचे कान लाल झाले होते, अर्थात थंडीही पुष्कळ होती.

सगळा बाजार ते मावशीच्या घरात नेऊन ठेवत. तिकडची भट्टीही रोज पेटवत.

"रिकामं घर कशाला तापवता, काका?"

"साखरेला ओल येते," काका म्हणाले.

तिकडे शहरात मावशीनं काय चालवलं होतं ते रोदिओन फोनवर सांगायचा. तिनं म्हणे अख्ख्या इमारतीला कामाला लावलं होतं. निवृत्त कर्नल सकाळी उठून बर्फ काढायचा, वरच्या मजल्यावरच्या तरुण पोरी जिना पुसायच्या, आणि लिफ्टवाला मावशी दिसली की लपायचा. "आई मजेत आहे," रोदिओन म्हणाला. "फक्त म्हणते, इथली माणसं लगेच ऐकतात. मजा येत नाही."

फेब्रुवारीत मावशीचाच फोन आला.

"अर्सेनी, तो म्हातारा जिवंत आहे का?"

"आहे की. तुझा बाजार भरतोय." आणि मी तिला सगळी हकिकत सांगितली. ऑफिसची, दोन पिशव्यांची, क्रीमचीसुद्धा.



"चहा कोणता घेतो?" तिनं विचारलं.

"हिरव्या डब्यातला."

"गाढव आहे! मी पिवळ्या पुड्यातला पिते. जन्मभर पिते!"

पुढच्या गुरुवारी ती आमच्या तालुक्याच्या बसथांब्यावर बोचकं घेऊन उभी. मुलाला तिनं सांगितलं होतं, माझा तिकडे बाजार नासतोय. गाडीत माझ्या शेजारी बसली आणि वाटभर मी कसं चालवावं ते सांगत राहिली.

काका रस्त्यावर उभे होतेच. मावशीला उतरताना त्यांनी पाहिलं आणि हातातली पिशवी बर्फात पडली.

"दाढी काय ही," मावशी म्हणाली. "अस्वल वाटून गोळी घालील कोणी."

"घालायला आहे कोण?" काका म्हणाले. "आणि तू एवढ्या लवकर कशी? शहरानं हाकलली वाटतं."

मावशी सरळ आपल्या घरात गेली. आम्ही दोघं मागोमाग. घर उबदार होतं. फळीवर चहाचे हिरवे डबे भिंतीपासून भिंतीपर्यंत, खाली साखर, बिस्किटं, लोकरीचे गुंडे, आणि खिडकीत क्रीमच्या डब्या एकीवर एक. मावशीनं सगळ्यावरून नजर फिरवली.

"एवढं सगळं मी एकटीनं खाल्लं, असं ऑफिसला वाटतंय?"

"तू खादाड आहेस हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं."

ती बाकावर बसली. डोक्याचा रुमाल सोडला, त्यानंच डोळे पुसले. "भट्टीचं दार नीट लावत जा, लुक्यान. धूर येतो." धूर कुठेच नव्हता. काकांनी उठून दार पुन्हा लावलं आणि चहाला पाणी ठेवलं. हिरव्या डब्यातला तो चहा मावशीनं तीन कप प्यायला, प्रत्येक कपाला नावं ठेवत.

मग एकदा गाडीपाशी मीच तोंड उघडलं. म्हटलं, दोघं एकाच घरात राहा ना हिवाळ्यात. लाकडं वाचतील.

दोघंही माझ्यावर एकदम धावून आले.

"लोक काय म्हणतील?" मावशी म्हणाली.

"कोणते लोक, मावशी?"

तिनं गावभर नजर टाकली. मिटलेल्या खिडक्या, वाकलेली कुंपणं. मग माझ्याकडे बोट केलं. "तू! तू नाहीस का लोक?"

मी म्हटलं, मी काही म्हणणार नाही. पण विषय तिथेच संपला.

पुढच्या वर्षी बर्फ इतका पडला की मावशीच्या छपराचा एक वासा खचला. ती गादी, सामान आणि कोंबड्या घेऊन समोर गेली. छपराची दुरुस्ती होईपर्यंतच, असं तिनं मला बजावून सांगितलं. या गोष्टीला आता तिसरा हिवाळा. काका माझ्याकडून नियमानं खिळे घेतात, पण हातोड्याचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. परवा विचारलं, "काका, छप्पर कुठवर आलं?"

"तुझे खिळे बारीक आहेत रे," काका म्हणाले.

आतून मावशीचा आवाज आला, "त्याला घाई करू नकोस, अर्सेनी! वारा पडू दे आधी."

झाडाचं पानही हलत नव्हतं. मी दोन्ही पिशव्या त्या एकाच दारात ठेवल्या, पिवळा पुडा वर दिसेल असा, आणि गाडी वळवली.