उकळत्या पाण्यातली तार

शिरवळला नवे कारखाने येत होते, तेव्हा आमच्या चहाच्या गाड्यावर त्यातल्या एका कारखान्यातला माणूस रोज यायचा. चहा नको, नुसतं उकळतं पाणी. बोटाभोवती वळवलेली तार त्यात सोडली, की ती वळवळून सरळ व्हायची आणि तो एकटाच हसायचा.

गाड्यामागच्या आमच्या खोलीत माझी लेक बाळंतपणाला आलेली. मला करणीचा संशय.

“मावशी, ऊब लागली की या तारेला जुना आकार आठवतो. विमानाचे पंखही उद्या असेच पक्ष्यासारखे वाकतील.”

“तारंला आठवतंय व्हय?” मी खाली बघून म्हटलं, आणि त्या दिवशी पाणी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला लेकीवरून लिंबू उतरवून रस्त्यापलीकडे टाकताना त्यानं पाहिलं.

“उतरवलंत ना? आता तरी पाणी द्या.”

दिलं. पण ग्लास परत घेतला नाही.